नियम क्रमांक चौदा

४ जून

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, तेही कागदावर, म्हणून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही अंदाजाने भरता. हा विषय अंदाजाचा नाही. आणि ऑफिसच्या ईमेलवर सध्या माझा भरवसा नाही. का, ते सांगते.

परवा मंगळवारी दुपारी तीन वाजता मी नेहमीप्रमाणे शुद्ध पाण्याच्या टाकीचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत आले. नमुन्यात गोळी टाकली की पाण्यात क्लोरीन असल्यास गुलाबी रंग चढतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पंधरा वर्षं मी हा रंग रोज बघतेय. परवा तो चढला नाही. वाटलं गोळी जुनी असेल, दुसरी टाकली. पाणी तसंच. मग मात्र मी जिने उतरून धावतच नियंत्रण कक्षात गेले. तिथे पडद्यावर क्लोरीनचा डोस शून्य, आणि धोक्याची घंटा बंद करून ठेवलेली. शहराकडे जाणारा मोठा वॉल्व्ह आधी बंद करायला लावला. निम्मं शहर दोन तास कोरडं राहिलं, लोकांनी फोन करकरून डोकं खाल्लं, पण तसलं पाणी कुणाच्या पोटात गेलं नाही एवढं समाधान.

पाळीवर तबलजी होता. तुमच्याच हाताखाली लागलेला, सदानकदा टेबलावर बोटं वाजवणारा. तो म्हणतो, मी हात लावला नाही, आकडा आपोआप उतरला. साहेब म्हणाले, आपोआप फक्त धूळ बसते.

तुम्ही इथे होतात तेव्हा पंपांच्या कॉम्प्युटरपुढे फायरवॉल तुम्हीच बसवलीत. तिच्यातून बाहेरचा कुणी आत येऊ शकतो का? मला सरळ उत्तर हवंय, कारण घटनेचा अहवाल लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय.

तुमची,
धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉल्व्ह आधी बंद केलास, खुलासे नंतर मागितलेस, हे उत्तम केलंस.

आता फायरवॉलचं. नाव ऐकून लोकांना भिंत वाटते. प्रत्यक्षात तो फाटकावर बसलेला, अतिशय खडूस चौकीदार आहे. बाहेरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर लिहिलेलं असतं, कुठून आलो, कुणाकडे चाललो, कोणत्या दारातून जायचंय. चौकीदाराच्या हातात नियमांची यादी असते. तो वरून खाली वाचत जातो. जी ओळ पहिली लागू पडेल ती मानतो आणि पुढचं वाचत नाही. कुठलीच ओळ लागू पडली नाही, तर सगळ्यात खाली मी एक ओळ लिहून ठेवलीय : बाकी सर्वांना बंद. ओळखपाळख, दयामाया, काही नाही. ऑफिसचे कॉम्प्युटर एका बाजूला, पंपांचे दुसऱ्या बाजूला, मध्ये हा. तुमच्या ऑफिसात कुणी ईमेलमधलं नको ते चिटोरं उघडलं तरी ती घाण पंपांपर्यंत जाऊ नये, म्हणून ही विभागणी.

ते काम मी मन लावून केलं होतं. बाहेरून कुणी येईल असं मला वाटत नाही. मात्र एक लक्षात घे. चौकीदार फक्त फाटकावर असतो. जो आधीपासून आत खुर्चीवर बसलाय, त्याला तो अडवत नाही. तेव्हा तुला शोधायचं असेल तर आत शोध. फायरवॉलला कुणाला हात लावू देऊ नकोस, तिच्या नोंदी उपसण्यातही वेळ घालवू नकोस. हजारो ओळी असतात, काही उमजत नाही, नवख्या माणसाला नुसती भीती वाटते.

तब्येत सांभाळ.

तुझे,
भावोजी

१९ जून

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं खरं निघालं असं दिसतंय, आणि तरी मला बरं वाटत नाहीये.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, पुन्हा दुपारीच, डोस उतरला. पूर्ण शून्य नाही, पण निम्म्याहून खाली. मी आता तासातासाला नमुना घेते म्हणून लगेच लक्षात आलं. पाळीवर पुन्हा तबलजी.

त्याआधी आठवडाभर मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. सांगायला लाज वाटते, पण ठेवला. मी कक्षात शिरले की तो एक छोटी वही पटकन खणात सारायचा. टेबलावरची बोटंही थांबलेली. दोनदा जिन्याखाली उभा राहून हलक्या आवाजात फोनवर बोलताना दिसला. परवा तो जेवायला गेला तेव्हा मी खण उघडला. वहीत तारखा, वेळा आणि डोसचे आकडे. कुठल्या वेळी किती होता, किती झाला, सगळं. स्वतःच्या कर्तबगारीचा हिशेब ठेवावा तसं. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मी अहवालात लिहिलं, की तुमच्यासारख्या जाणकाराच्या मते बाहेरून शिरकाव संभवत नाही, दोन्ही वेळा कक्षात एकच माणूस होता आणि त्याच्याकडे ही वही सापडली. खाली सही केली. काल त्याला निलंबित केलं. तो भांडला नाही. ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि मला एवढंच म्हणाला, “मॅडम, वही सगळी वाचलीत का?”

मी वाचली होती. निदान मला तसं वाटतंय.

तुमची,
धाकटी

२५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

निलंबनाचं वाचून वाईट वाटलं. तो पोरगा माझ्याकडे लागला तेव्हा त्याला साधा माउस धरता येत नव्हता, आणि सहा महिन्यांत सगळे पंप तोंडपाठ झाले होते. नाकासमोर चालणारा वाटायचा. पण माणसं बदलतात म्हणा. मी इतक्या लांबून काय सांगणार?

अहवालात माझं नाव घातलं नसतंस तरी चाललं असतं. जमल्यास वगळ.

तुझे,
भावोजी

८ जुलै

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटत होतं. आता ते नुसतं वाटणं राहिलेलं नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी डोस पुन्हा बदलला. या वेळी दुप्पट वर. तबलजी त्या वेळी त्याच्या घरी होता. पाळीवर दुसरा माणूस होता आणि मी स्वतः त्याच्या शेजारी उभी होते. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत आकडा सरसर वर चढला. माउस जागच्या जागी होता.

मी आधी डोसिंग कॉम्प्युटरवरून काढून हातावर घेतलं. आता माणूस टाकीशी बसून चक्र फिरवतो, पडद्यावर कुणी काहीही बदललं तरी क्लोरीनला फरक पडत नाही. मग साहेबांच्या कपाटातून फायरवॉलच्या पासवर्डचं बंद पाकीट मागून घेतलं. नोंदी उपसू नकोस असं तुम्ही म्हणाला होतात. माफ करा, उपसल्या.

पहिले दोन दिवस खरंच काही कळेना. मग मी माझ्या पद्धतीने केलं. तबलजीच्या वहीतल्या वेळा घेतल्या आणि नोंदींत त्याच वेळा शोधल्या. सगळ्या सापडल्या, भावोजी. प्रत्येक वेळी बाहेरून कुणीतरी आत आलेलं, दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं : परवानगी दिली, नियम चौदा. बिचारा आकडे आपोआप बदलताना बघून घाबरला होता आणि आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून टिपून ठेवत होता. त्याच वहीने मी त्याला घालवला. साहेबांना सांगितलं, तर चौकशी समिती बसल्याशिवाय निलंबन उठत नाही म्हणतात.

यादीत एकतीस नियम आहेत. प्रत्येकापुढे कुणी मागितला, कशासाठी, तारीख, सगळं तुमच्या शिस्तीत. चौदाव्यापुढे एकच शब्द आहे : तात्पुरता. अर्थ मी लावला तो असा, कुठूनही कुणीही आलं तरी या एका दाराने नियंत्रण कक्षाच्या कॉम्प्युटरपर्यंत सोडा. एवढ्या खडूस चौकीदाराला असं कुणी सांगून ठेवलं?

आणखी एक आहे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. दुपारच्या त्या पाहुण्याखेरीज दुसरा एक आहे. तो रोज सकाळी सव्वासातला येतो. एकही दिवस खाडा नाही. दहा मिनिटं थांबतो, कशालाही हात लावत नाही, जातो. नोंदी जेवढ्या मागे जातात तेवढा तो मागे आहे. दुपारचा निदान काहीतरी करतो. हा नुसता बघतो. इतकी वर्षं कुणी काय बघत असेल?

मुख्य कार्यालयातली नेटवर्कवाली बाई महिनाअखेरीस येणार आहे. तोवर कशाला हात लावू नका असं साहेबांनी बजावलंय. डोसिंग हातावर असल्यामुळे धोका नाही, म्हणून मी दार तसंच ठेवून सकाळच्या पाहुण्यावर पाळत ठेवलीय. हे मी साहेबांनाही सांगितलेलं नाही. फक्त तुम्हाला सांगतेय.

तुमची,
धाकटी

२७ जुलै

चि. धाकटीस,

उत्तराला उशीर झाला. दाढेचं दुखणं होतं.

चौदावा नियम ताबडतोब काढून टाका. नेटवर्कवालीची वाट बघू नका. कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरचे सगळे पासवर्ड बदला. असले दुपारचे लोक जगभर घरोघरच्या कड्या हलवत फिरत असतात, एखादी उघडी सापडली की आत शिरतात. नाव-गाव कधी सापडत नाही. दार बंद झालं की विषय संपतो. ते कुणी उघडलं, का उघडलं, हे खणत बसू नका. जुन्या गोष्टी असतात, घाईगर्दीत राहून जातात.

सकाळच्याचं मनावर घेऊ नकोस. तो काही करणार नाही.

भावोजी

२ ऑगस्ट

भावोजी,

नियम काढला. पासवर्ड बदलले. नेटवर्कवाली येऊन गेली, तिने तेच सांगितलं जे तुम्ही सांगितलंत.

आता मी विचारते त्याचं उत्तर द्या.

माझं पत्र मी आठ जुलैला टाकलं. आपल्यामधलं पत्र चार-पाच दिवसांत पोचतं. सकाळचा पाहुणा बारा जुलैला आला, तेरा जुलैला आला नाही. त्यानंतर एकदाही नाही. दार पुढे अठरा दिवस उघडं होतं. मी पाळत ठेवलीय हे या जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक मी आणि एक तुम्ही.

तुम्ही लिहिलंत, तो काही करणार नाही. हे कुणाला माहीत असतं?

दोन दिवस मी स्वतःशी भांडतेय. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर त्याच्या मुस्कटात दिली असती. तुम्ही मला सायकल शिकवलीत, नोकरीचा अर्ज तुम्ही लिहून दिलात. ताईच्या शेवटच्या आठ महिन्यांत तुम्ही जे केलंत ते कुणी करत नाही. तरीही आता तुमचं पहिलं पत्र काढून वाचलं की एकेक वाक्य वेगळंच ऐकू येतं. ‘असं मला वाटत नाही.’ ‘नोंदी उपसण्यात वेळ घालवू नकोस.’ ‘आत शोध.’ मी आत शोधलं, भावोजी. आणि एका माणसाला घराबाहेर तोंड काढता येईनासं केलं. त्याच्या मुलीला शाळेत बाकीची मुलं पाण्यात विष कालवणाऱ्याची मुलगी म्हणतात.

चौकशी समिती अठरा ऑगस्टला बसणार आहे. त्याआधी मला खरं हवंय.

धाकटी

९ ऑगस्ट

धाकटे,

दाढेचं दुखणं नव्हतं.

चौदावा नियम मी लिहिला. तुझी ताई दवाखान्यात होती तेव्हा. मला रजा मिळत नव्हती, कारण पंपांचे कॉम्प्युटर सांभाळणं माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं, आणि तिला सोडून येणं मला जमत नव्हतं. तिच्या खाटेजवळ बसून काम करता यावं म्हणून मी बाहेरून एक दार ठेवलं. दवाखान्यातल्या इंटरनेटचा पत्ता रोज बदलायचा, म्हणून ‘कुठूनही’ असं लिहिलं. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याला कामावरून काढायला सांगितलं असतं. पासवर्डही सोपा ठेवला, पाच अक्षरांचा, कारण तो टाइप तिला करायचा असायचा.

ती सकाळी लवकर उठायची. सव्वासातला शहराची टाकी भरत आलेली असते, तुला ठाऊक आहे. ती पडद्यावर निळी पट्टी चढताना बघायची आणि मला पातळी वाचून दाखवायची. म्हणायची, आता लोकांच्या आंघोळी सुरू होतील, बघ कशी उतरते. आणि उतरायची. दुखणं विसरून ती तेवढी दहा मिनिटं हसायची.

ती गेल्यावर पुढच्या आठवड्यात मी दार बंद करायला बसलो. आत शिरलो, पट्टी चढत होती. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. त्याला सात वर्षं झाली. नोकरी सोडली, गाव सोडलं, तरी रोज सकाळी जात राहिलो. कशाला हात लावला नाही. मला वाटायचं, हे दार फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं लोकांना फायरवॉल शिकवलेल्या माणसाला असं वाटायचं. दार माहीत असावं लागत नाही, उघडं असावं लागतं, हे मी दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितलंय.

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तुला खरं सांगितलं असतं तर ती सकाळची दहा मिनिटं गेली असती. म्हणून मी तुला आत शोधायला लावलं. तबलजीचं कळल्यावरही बोललो नाही, कारण तोवर मला माझीच भीती वाटायला लागली होती. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

हे सगळं तुमच्या साहेबांना वेगळ्या पत्राने कळवलं आहे. त्याची प्रत सोबत जोडतो. तिचं काय करायचं ते तू ठरव.

भावोजी

२१ ऑगस्ट

ती. भावोजींस,

काय काय झालं ते क्रमाने सांगते.

तुमचं पत्र साहेबांना बारा तारखेलाच मिळालं होतं. मी विचारलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. मग दार लावून घेतलं आणि मला समजावलं. ते म्हणाले, दार बंद झालं, पाणी सुरळीत आहे, आता सात वर्षं कुणी यादी तपासली नाही हे बाहेर गेलं तर सगळ्यांच्याच खुर्च्या हलतील. तबलजीला पुराव्याअभावी सोडू, दुसरीकडे बदली करू, लोक विसरतील. तुमचे भावोजीही सुटतील, तुमच्या अहवालाचंही झाकलेलं राहील. पत्र पोचलंच नाही असं समजू.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगते, दोन दिवस मला तो मार्ग बरा वाटला होता.

अठराला समिती बसली. तबलजी आला, घरी इस्त्री केलेला शर्ट घालून, बायकोला बाहेर बाकावर बसवून. त्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तो म्हणाला, जे आहे ते वहीत आहे. मग माझी पाळी आली. साहेब माझ्याकडे बघत होते. मी पर्समधून तुमची प्रत काढली आणि वाचली. पूर्ण वाचली, खाटेचा आणि निळ्या पट्टीचा भागही. तो गाळावासा वाटत होता, पण गाळला असता तर उरलेलं खोटं झालं असतं. त्यानंतर माझा अहवाल चुकीचा होता आणि मी वही बघून माणसाबद्दल ठरवून टाकलं, हेही सांगितलं. तेही लिहून घेतलं आहे.

साहेब खिडकीबाहेर बघत बसले. समितीच्या अध्यक्षबाईंनी तबलजीला विचारलं, तुम्हाला या गृहस्थांविरुद्ध तक्रार द्यायची आहे का? तो म्हणाला, “काम मला त्यांनीच शिकवलं. मला एकदा फोन करून विचारलं असतं तर मीच दार लावून टाकलं असतं, कुणाला सांगितलंही नसतं.”

तक्रार देतो की नाही हे त्याने सांगितलं नाही. द्यायचा त्याला हक्क आहे.

निलंबन मागे घेतलं आहे. पण तो नियंत्रण कक्षात परत बसायला तयार नाही. गाळणीच्या हौदांवर काम मागितलंय, तिथे कॉम्प्युटर नाही. जिन्यात मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली आणि तो खाली उतरला. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही.

मला ताकीद मिळाली आहे. साहेबांनी पत्र दडवल्याची वेगळी चौकशी होईल. तुमचं प्रकरण मात्र पोलिसांकडे गेलं आहे. पुढच्या बुधवारी दोघं तिघं तुमच्याकडे जबाब घ्यायला येतील. कॉम्प्युटर नेतील. काही पुसू नका, काही लपवू नका, विचारतील तेवढं सांगा, आणि तिच्याबद्दल विचारलं तर तेही सांगा.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. तो राग कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेला पाहिजे असंही मला अजून वाटत नाही. पण ते लोक येतील तेव्हा त्या घरात तुम्ही एकटे असावं असंही वाटत नाही. मी तीन दिवसांची रजा टाकली आहे. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने पोचते. स्टेशनवर येऊ नका, मला घर माहीत आहे.

धाकटी